तुर्कस्तानच्या बाळाची गोधडी

मी एका तान्ह्या बाळावर जळले आहे. ते माझ्या नात्यातलं नव्हतं, गावातलं नव्हतं, देशातलंही नव्हतं. तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा टीव्हीवर ते क्षणभर दिसलं आणि लगेच साबणाची जाहिरात लागली. ढिगाऱ्यातून कुणीतरी त्याला वर काढत होतं, दुसरा कुणी अंगातला कोट काढून त्यात गुंडाळत होता आणि मागे बर्फ पडत होता. माझ्या शेजारी माय शेंगा सोलत बसली होती.

"कोटमां गुंडाळं त्याले!" ती म्हणाली. "कोटनी ऊब येस का कधी? तठे कोनाकडे गोधडी नही शे का?"

"नसेल," मी म्हटलं.

"मंग आपुन देसूत."

एवढ्यावरूनच माझ्या पोटात दुखायला लागलं. त्याचं कारण आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, काय ही बाई, ढिगाऱ्यातून निघालेल्या लेकराचं बरं बघवत नाही हिला.

माय धरणगावकडच्या एका खेड्यातली. आमच्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते आणि बाळाला घेऊन सासरी परत निघते तेव्हा आजीनं शिवलेली गोधडी बाळाबरोबर जाते. बाकी काय द्यायचं ते ऐपतीप्रमाणे, पण गोधडी हवीच. माझी थोरली बहीण धुळ्याला दिलेली. तिच्या दोन्ही मुलांना मायनं गोधड्या शिवल्या. भाऊ भुसावळला रेल्वेत आहे, त्याच्या मुलींनाही शिवल्या. ताईच्या मुलीचं लग्न होऊन तिला मुलगा झाला, तेव्हा वास्तविक गोधडी ताईनं शिवायची. पण ताईला शिवणाचा कंटाळा, म्हणून तीही मायनंच शिवली. शिवाय ताईला आणि भावाला त्यांची स्वतःची एकेक मिळाली, पहिलं मूल झाल्याच्या मानाची. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही ती गोष्ट लांबलचक आहे आणि कंटाळवाणीही. लग्न नाही म्हणून बाळ नाही, बाळ नाही म्हणून गोधडी नाही. कुणी अन्याय केला असंही म्हणता येत नाही, आणि म्हणून ते जास्त झोंबतं.

माय राहते मात्र माझ्याकडे, जळगावला. तिची औषधं मी आणते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेते, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तिला कुठल्या दिवशी चालते आणि कुठल्या दिवशी पोट फुगवते हे मला ठाऊक. दिवाळीत धुळ्याला गेलो की ताई सगळ्या गोधड्या गच्चीवर उन्हात टाकते, नेमक्या आम्ही असताना. "बघ गं, इतक्या वर्षांत एक टाका उसवला नाही," असं मला बोलावून दाखवते. मी बघते. टाके खरंच तांदळाच्या कणीएवढे, काठापासून आत आत चौकोन घेत गेलेले. मी म्हणते, हो का, छान. आणि जळगावला येऊन माझं दुकानातलं ब्लँकेट पांघरते. त्याच्यावर दोन वाघ आहेत. ब्लँकेट चांगलं महागाचं आहे, वाघांबद्दल माझी तक्रार नाही.

कधीतरी माय आपण होऊन म्हणेल, "बस, आते तुनी शिवस," अशी मी वर्षानुवर्षं वाट बघत होते. मागून घ्यायची नव्हती. मागून घेतलेल्या मानाला काय अर्थ? आणि आता तिचा हात थरथरत होता, डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. फार तर एखादी गोधडी तिच्या हातून व्हायची राहिली होती, हे मला दिसत होतं. ती एखादी गोधडी तुर्कस्तानला निघाली.

गावात मदत गोळा करायला सुरुवात झाली ती बाजारातल्या चादरी-ब्लँकेटच्या एका व्यापाऱ्यामुळे. मुसलमान घराणं, वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान. लहानथोर सगळे त्यांना भाऊच म्हणतात. त्यांनी आपलं गोदाम अर्धं रिकामं केलं आणि सांगितलं, इथे आणून द्या, इथून ट्रकनं दिल्ली, दिल्लीहून विमानानं तिकडे. मग काय, जळगाव एकदा देऊ लागलं की हात आखडत नाही. मशिदीतून आलं, गणपती मंडळातून आलं, जिनिंगवाल्यांनी दिलं. आमच्या कॉलनीतल्या भिशीच्या बायकांनी त्या महिन्याची भिशी उचलून दिली. जिचा नंबर होता तिनं तो हसत सोडला आणि पुढे वर्षभर सगळ्यांना ऐकवला. भाऊंची अट एकच होती. जे द्याल ते कोरं द्या, वापरलेलं नको. जुने कपडे पुढे घेत नाहीत.

ही अट आमच्या कॉलनीत सगळ्यांनी नीट ऐकली. मायनंही ऐकली. "बरोबर शे," ती म्हणाली. "दुसराले द्यानं ते कोरंच द्यानं." आणि पेटी उघडून आपली जुनी लुगडी काढायला बसली.

यात तिला किंवा कॉलनीतल्या कुठल्याही बाईला काही चूक दिसली नाही. मलाही दिसली नाही, खोटं कशाला बोलू. गोधडी जुन्या कापडाचीच असते. नवं कापड खळीचं, कडक, ते लेकराच्या अंगाला कोण लावेल? आणि गोधडी कोरी कधीपर्यंत, तर तिच्याखाली कुणी निजलं नाही तोपर्यंत. शिवणारीसुद्धा ती अंगावर घेऊन बघत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे.

बातमी पसरली तशा बायका आमच्या ओट्यावर यायला लागल्या. कुणी लुगडी आणली, कुणी धोतरं. निम्म्याजणींनी आयुष्यात गोधडी शिवलेली नव्हती, त्यांना माय शिकवायला बसली. मी सकाळी कचेरीत निघण्याआधी तिला सुया ओवून ठेवायचे, कारण नेढं तिला दिसत नव्हतं. एका उशीवर ओवलेल्या सुया टोचून ठेवायच्या, दिवसभर पुरतील एवढ्या. म्हणजे बघा, माझ्या सवतीसारख्या त्या बाळासाठी सुया ओवत होते मीच. संध्याकाळी परत यावं तर ओट्यावर हशा चाललेला. मायला मी इतकं बोलताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. कुणाच्या तरी सुनेचा हात धरून, "आसं नही बाई, आसं," असं टाका शिकवणं चाललेलं. मला लहानपणी तिनं शिवण शिकवलं नाही. "तू आभ्यास कर," म्हणायची. केला अभ्यास.

एका संध्याकाळी तिच्या मांडीवर हिरवं लुगडं होतं. ते मी माझ्या पहिल्या पगारातून तिला घेतलेलं. ती ते लग्नकार्यात नेसायची, मग घरी नेसू लागली, मग पेटीत ठेवलं. आता कात्रीनं त्याचे काठपदर वेगळे केलेले होते.

"हे पण?" मी विचारलं.

"हाई तर बठ्ठासमां मऊ शे," ती म्हणाली. "धुई धुई लोणी व्हई गयं. हाई वर लावसू, लेकरूना गालले लागी."

माझ्या पगाराचं लोणी तुर्कस्तानच्या गालाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, जी सकाळीच घासलेली होती. त्या रात्री मी ताईला फोन करून सांगितलं तर ताई म्हणते, "अगं, किती पुण्याचं काम! तू पण ना." ज्याच्या गच्चीवर गोधड्या वाळतात त्याला पुण्य सुचतं.

गोधड्या झाल्या. मायची सगळ्यात शेवटी झाली आणि सगळ्यात देखणी झाली. हात थरथरत होता तरी टाका चुकला नव्हता, फक्त एका बाजूला चौकोन जरासा कलला होता. रिक्षा करून आम्ही त्या गोदामात नेल्या. माय पुढे, मांडीवर तिची गोधडी.

भाऊंनी वरची उलगडली, हात फिरवला, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कसं सांगावं कळेना. शेवटी खुर्ची ओढून मायच्या समोर बसले.

"अक्का, काम तर असं आहे की काय सांगू. पण हे पुढे घेणार नाहीत. वापरलेलं कापड चालत नाही."

"वापरेल नही शे," माय म्हणाली. "कोनी आंगवर लिधेल नही. कोरी शे."

"गोधडी कोरी आहे अक्का, कापड जुनं आहे."

"मंग? नवा कापडनी गोधडी कोन शिवस? लेकरूले टोचाले?"

भाऊ हसले, पण कसंनुसं. "मला पटतं हो. मीसुद्धा आजीच्या गोधडीतच वाढलोय. पण दिल्लीच्या माणसाला हे कसं समजावू? तो बघेल आणि बाजूला टाकेल. रस्त्यावर पडलेली बघवेल का तुम्हाला?"

बायकांनी कालवा केला. एक म्हणाली, त्या दिल्लीवाल्याला फोन लावा, मी बोलते. दुसरी म्हणाली, धुऊन इस्त्री करून देऊ. मायनं गोधडीची घडी नीट केली. बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी, खरं सांगते, मनातल्या मनात पेढे वाटत होते. गोधडी परत येणार होती. घरी येणार होती. घरात माणसं दोन, त्यातली एक ती शिवणारी. मग राहिलं कोण?

पण भाऊ व्यापारी माणूस, त्यांना वाट सुचली. म्हणाले, या इथेच विकू. रविवारी दुकानासमोर मांडू. जे येईल त्याची नवी ब्लँकेटं मी माझ्या खरेदीच्या भावानं लावून देतो, ट्रक सोमवारी निघेल. म्हणजे तुमची ऊब तिकडे पोहोचेलच की. बायका क्षणात खूश झाल्या. मायनंही मान डोलावली. फक्त माझे पेढे परत डब्यात गेले.

मग मी ठरवलं, विकतच घ्यायची. मागायची नाही म्हणून बसले होते, पण विकत घेणं म्हणजे काही मागणं नव्हे. पैसे मदतीला जाणार, गोधडी मला मिळणार, मायला नाही म्हणायला जागाच नाही. रविवारी आम्ही लवकर पोहोचलो. मी सरळ भाऊंना म्हटलं, "ती हिरवी बाजूला ठेवा, माझी."

"अक्कांना विचारा ताई," भाऊ म्हणाले. "ज्याची त्याची गोधडी ज्यानं त्यानं द्यायची असं ठरलंय."

मायकडे गेले. ती दुकानाच्या पायरीवर गोधडी मांडीवर घेऊन, बाजारला बसतात तशी बसली होती.

"माय, ही मी घेते."

"तुले कसाले?" ती म्हणाली. "घ्यानी व्हई तर रांगमां उभी ऱ्हाय."

मी माझ्या आईची गोधडी घ्यायला रांगेत उभी राहिले. कचेरीतले दोघे ओळखीचे भेटले, त्यांना वाटलं मी व्यवस्था बघते आहे. गर्दी अशी झाली की पिकतं तिथे विकत नाही ही म्हण खोटी वाटावी. डॉक्टर आले, वकील आले, ज्यांच्या घरी आता कुणी सुईला हात लावत नाही अशी सगळी फ्लॅटमधली माणसं आली. प्रत्येकजण मायची गोधडी हातात घेऊन बघायचा, गालाला लावायचा, आणि मला वाटायचं, खाली ठेवा, तुमची नाही ती. माय एकालाही देत नव्हती. किंमत विचारली की म्हणायची, "सांगस." आणि पुढे सांगायचीच नाही. मला आशा वाटायला लागली. वाटलं, माझा नंबर येईपर्यंत थांबवते आहे.

माझ्या पुढे फक्त एक मुलगी उरली होती. वरणगावहून नवऱ्याच्या मोटारसायकलवर आलेली, नवरा तिथल्या कारखान्यात. तिचं पोट चांगलं दिसत होतं.

"कितवा महिना शे बाई?" मायनं विचारलं.

"सातवा लागलाय."

"मायेर कोठलं?"

"नाशिक. पण माझ्या आईला यातलं काही येत नाही हो आजी. तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही." आणि हसली.

मायनं गोधडी तिच्या हातात दिली. किंमत मुलीनंच सांगितली, पैसे भाऊंनी घेतले. मी मागून ओरडले, "मी दुप्पट देते!"

बाजारातलं ते सगळं टोळकं माझ्याकडे वळलं. त्या मुलीनं गोधडी पोटाशी धरली. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, हातात पर्स, तोंड उघडं.

"आठे लिलाव नही शे," माय म्हणाली.

निदान त्या मुलीची आई मेलेली असती तर मी काही समजून घेतलं असतं. जिवंत, नाशिकला, धडधाकट. येत नाही म्हणे दोरा ओवता! मला येतो ना. त्या गोधडीतला झाडून सगळा दोरा मी ओवलेला होता.

घरी येताना रिक्षात माय भाऊंचं कौतुक करत होती, ब्लँकेटं किती चांगली, जाड, ट्रक किती भरला. घरी आल्यावर मी चहा ठेवला आणि तो ओतता ओतता माझा बांध फुटला. इतकी वर्षं मागायचं नाही म्हणून गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं. ताईला दिली, भावाला दिली, पोरांना, पोरांच्या पोरांना, टीव्हीवरच्या बाळाला निघाली होती, वरणगावच्या अनोळखी पोरीला दिली. "मला का नाही? मला मूल झालं नाही म्हणून मला थंडी वाजत नाही का? मी तुझी कुणी लागत नाही का, माय?"

मायला राग आला नाही, वाईटही वाटलेलं दिसलं नाही. उलट इतकी साधी गोष्ट हिला कशी माहीत नाही, असं तिच्या तोंडावर होतं.

"बठ्ठासन्या व्हई ग्यात," ती म्हणाली. "ताईनी व्हई गई, तुना भाऊनी व्हई गई, तेसना पोरेसन्या व्हई ग्यात. तुनी येक ऱ्हायेल शे. ती शिवी टाकी तर मंग मना काय काम ऱ्हाई आठे?"

'आठे', म्हणजे 'इथे', हे जळगावच्या या घरापुरतं नव्हतं, हे मला कळलं. मी तिच्यासमोर चहा ठेवला. तिनं बशीत ओतून घेतला आणि साखर कमी आहे म्हणाली.

ट्रक सोमवारी गेला. पुढे भाऊंनी मोबाईलवर दिल्लीच्या गोदामातला फोटो दाखवला, खोकीच खोकी, त्यातली आमची कुठली ते त्यांनाही सांगता येईना. माय फोटो डोळ्यांजवळ धरून विचारत राहिली, ते लेकरू सापडलं का. भाऊ म्हणाले, सापडलं अक्का, बरं आहे. त्यांना काय ठाऊक असणार, पण बोलले खरं.

त्यानंतर माझं एक वेगळंच सुरू झालं आहे. कॉलनीत कुणाची सून गरोदर आहे, कचेरीत कुणाच्या लेकीला दिवस गेलेत, हे आता सगळ्यांच्या आधी मला कळतं. बायकांना वाटतं, म्हातारपणी हिला चांभारचौकशांचा नाद लागला. मी घरी येऊन मायला सांगते. माझ्या जुन्या सुती साड्या पेटीत तिच्या हाताशी येतील अशा वर ठेवते. मोतीबिंदूचं ऑपरेशन करवून आणलं, तरी सुया मीच ओवते. गोधडी झाली की जिची असेल ती येऊन घेऊन जाते आणि मी दारात उभी राहून जळते, अजूनही, प्रत्येक वेळी. मग लगेच पुढची कोण ते शोधायला लागते.

परवा मध्येच एकही बाळ मिळालं नाही. माझ्या ओळखीत कुणालाच दिवस गेलेले नव्हते. थंडी चांगली पडली होती, केळीची पानं करपली म्हणून पेपरात आलं होतं. माय पेटी उघडून बसली होती. लुगड्यावरून हात फिरवत म्हणाली, "आते कोनीच नही. काढू का मंग तुनी?"

मी स्वेटर घातलेला होता, डोक्याला मफलर.

"इतक्यात नको, माय," मी म्हटलं. "मला कुठे थंडी वाजतेय."